पुडीचा कागद

अलेक्झांड्रियाच्या ट्रामथांब्यावर सुहैर कलिंगडाच्या भाजलेल्या बियांची पुडी घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर एक तरुणी आणि तिचे साहेब हुज्जत घालत होते.

"शैमा, पुलाच्या अहवालाची पानं बाजारात फिरतायत. तुझ्याच संगणकातून गेली!"

"माझ्याकडून नाही, उस्ताद वजदी. ज्याची प्रत, त्याचं नाव मजकुरामागे फिकट उमटवणारा प्रोग्रॅम मीच लिहिलाय. पान सापडू द्या, माणूस सापडेल."

"त्या पुसट नावाला कोण विचारतो? रबरी शिक्का मारावा, ठसठशीत!"

"शिक्क्याचा कोपरा फाडला की संपलं. माझ्या प्रोग्रॅममधलं नाव पानभर तिरकं पसरतं."

"सगळ्यांचं?"

"तुमचंसुद्धा."

"माझी प्रत कपाटात कुलुपात आहे. बियावाल्याला रद्दी जाते, तीही मी स्वतः निवडून देतो."

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतोय कोण? या खात्यात माझे केस पांढरे झालेत, पोरी!"

सुहैरच्या बिया संपल्या. तिनं पुडी उलगडून मांडीवर सपाट केली, चष्मा लावला आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

"माफ करा हं. हे वजदी म्हणजे तुम्हीच ना?"