मागावरचे संगीत

देवाची शपथ टाळ्यांसाठी मोडणाऱ्याला कोणता दंड द्यावा, सांगाल?

आमचे स्नेही अनंत मास्तर नवसंगीताचे भोक्ते. दहा वर्षांपूर्वी त्यांनी नरसय्या विणकराच्या घरी हातमाग वाद्यासारखा वाजवून अखेरीस त्यावरचे टाकाऊ सूत कापले होते. दशकपूर्तीला तोच प्रयोग पुन्हा ठरला.

“मास्तर, औंदा मागावर पोरीच्या लग्नाचं लुगडं हाय. वाजवा, पन कापू नका.”

“देवाशपथ, कापणार नाही.”

प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या आणि त्या आणखी वाढाव्यात म्हणून मास्तरांनी लुगड्यावर कात्री चालवली.

नरसय्या उठला. “वाजवून झालं न्हवं? आता जोडा की!”

प्रकरण गावच्या पंचांपुढे गेले; त्यांनीही तोच दंड ठरवला. दारात लग्नाची सनई वाजली तेव्हा नवरी उसन्या लुगड्यात उभी होती आणि मास्तर मागाशी बसून एकेक धागा सांधत होते.