बाबल्याच्या टपरीवर दिसलेला लाल शर्ट

जबाब
दिनांक २०/०१/२००४

मी मैमुना अब्बास होडेकर, वय अंदाजे अडुसष्ट (रेशनकार्डावर बासष्ट आहे, ते चूक), धंदा घरकाम, शिक्षण दुसरी, राहणार मोहल्ला, हातखंबा, ता. जि. रत्नागिरी. ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, सून व नातू अद्नान, वय १७, असे राहतो. मुलगा अयूब कुवेतला असतो.

दोन वर्षांपूर्वी मोहल्ल्यातील व बौद्धवाडीतील पोरांच्या टोळ्यांत सायकलच्या चेनींनी मारामाऱ्या होत. तेव्हा जमात, बौद्ध पंचायत, हेडमास्तर व पोलीस साहेब शाळेत एकत्र बसले. ठरले की, प्रत्येक पोराने रविवारी दुपारी दुसऱ्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाकडे कामाला जावे. माझ्या वाट्याला महेंद्र राजाराम मोहिते आला. आधी तोंड वर करीत नसे. आता अयूबला माझी पत्रे तोच लिहितो. सुनेबद्दलच्या माझ्या तक्रारी लिहिल्यासारख्या मला वाचून दाखवतो, पण लिहीत नाही, हे अयूबच्या उत्तरांवरून कळले. विचारले तर म्हणतो, "आजी, पानात जागाच नव्हती." भाताबरोबर बांगड्याचे तिखले त्याला माझ्याच हातचे लागते. हे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणतात, पण लिहा.

रविवारी दि. १८ रोजी दुपारी तीन ते सहा महेंद्र माझ्या पडवीत पत्र लिहीत होता. चारच्या सुमारास बाबल्याच्या टपरीवरील बरण्या फुटल्या. बाबल्याने पळणाऱ्याचा लाल शर्ट पाठीमागून पाहिला व महेंद्रचे नाव दिले. बाबल्या खोटे बोलत नाही. अयूबने तसले दोन शर्ट पाठवले होते. एक मी महेंद्रला दिला. दुसरा अद्नानचा. तो कधी घालत नसे. म्हणे, "दादी, तुझा नातू मी की तो?" त्या दिवशी घातला. का घातला, ते मी विचारले नाही.

महेंद्रला कालपासून दोनदा ठाण्यात बोलावले. माझ्या घरी होतो एवढेही तो बोलला नाही, चौकशी आमच्या दारात येईल म्हणून. आज सकाळी अद्नानने चहा तसाच ठेवला व म्हणाला, "दादी, मी फोडल्या. चल, त्याला सोडवूया." मी त्याच्या दोन कानाखाली दिल्या व मग जवळ घेतले. तो बाहेर बाकावर महेंद्रशेजारी बसला आहे. दोघांचे कशावरून तरी हसणे चालले आहे, ते मला येथे ऐकू येते.

माझीही चूक आहे. अद्नानला महेंद्रच्या आजीकडे, चंपाबाईंकडे, नेमले होते. ट्यूशन आहे सांगून मी पाठवला नाही. ट्यूशन नव्हती. दुपारचा तो घरात झोपलेला मला बरा वाटे. चंपाबाई आज ठाण्यात भेटल्या. म्हणाल्या, "मैमुनाबाय, माझ्या घरामागच्या परड्यातले चिरे उचलायला दोन वर्षं त्याची वाट बघतायत. द्या आता पाठवून." मी हो म्हटले.

महेंद्रचे नाव कागदावरून काढावे व तेथे माझ्या नातवाचे लिहावे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, बरोबर आहे.

सही
मैमुना होडेकर