एका रागावण्याची चौकशी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान असलेले प्राचार्य महोदय व इतर मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या मॅडम, त्यांचे आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली माझी आई व तिच्या शेजारी आतापासूनच पेंगायला लागलेले माझे बाबा, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'मॅडमच्या संशोधनातील एक यशस्वी उदाहरण' अशी करून दिली. मी त्यांची आभारी आहे. पण खरं सांगू का, निमंत्रण आलं तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. मॅडमनी आयुष्यभर शेकडो मुलांचा अभ्यास केला. त्यांतली कुणी डॉक्टर झाली, कुणी प्राध्यापक झाली, एक जण तर गाते म्हणे. मग बोलायला मीच का? मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करते. दुकानाला आग लागली असं कुणी कळवलं, की काडी कुणी ओढली ते बघायला मी जाते. संशय हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. अशा बाईला कुणी निरोप समारंभाला बोलावतं का? तरी बोलावलंत, तेव्हा आता भोगा.

मॅडमचा विषय इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, पण पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. ज्या मुलांना जन्माच्या घरी राहता येत नाही, ती कुठे वाढतात, कशी वाढतात आणि मोठेपणी त्यांचं काय होतं, हे मॅडमनी त्या मुलांच्या घरी जाऊन जाऊन बघितलं. दत्तक जाणं वेगळं आणि सांभाळायला जाणं वेगळं. दत्तक म्हणजे कायमचं. सांभाळ म्हणजे पुढचं ठरेपर्यंत. मी सांभाळातली. माझं पुढचं काही कधी ठरलंच नाही. कुणाची तरी संमती हवी होती आणि तो माणूस सापडत नव्हता, एवढंच मला माहीत आहे. आज माझे केस पिकायला लागलेत, पण कागदावर मी अजूनही कुणाची नाही.

मॅडमची घरी येण्याची एक पद्धत होती. त्या आल्या की सोफ्यावर टेकायच्या, घाम पुसायच्या आणि मुलाकडे बघून म्हणायच्या, "जरा पाणी देतेस का गं?" बस. वह्या-प्रश्न सगळं नंतर. मी त्यांचं नाव 'पाणीवाल्या बाई' ठेवलं होतं. पहिल्या घरात त्यांनी पाणी मागितलं, मी तिथल्या मावशींना विचारलं, "ग्लास घेऊ का?" काही दिवसांत माझं घर बदललं. दुसऱ्या घरात पुन्हा त्या, पुन्हा पाणी, पुन्हा मी "घेऊ का?" आणि पुन्हा सामान बांधलं. दोन प्रसंग, दोन्हींत एकच बाई आणि एकच ग्लास! माझ्या जागी तुम्ही असता तर काय निष्कर्ष काढला असता?

मोठी झाल्यावर मला कळलं की मूल विचारून घेतं की न विचारता घेतं, एवढंच त्यांना बघायचं असे. घरं बदलण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पहिल्या घरच्यांची दुसऱ्या गावी बदली झाली, दुसऱ्या घरात आजी आजारी पडल्या. असं म्हणतात. मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

नाही, हसू नका. मुख्य मुद्दा पुढेच आहे.

मी लिहून आणलेलं भाषण वेगळं होतं. छान होतं, त्यात 'वटवृक्ष' हा शब्दही होता. पण माझ्याआधी प्राचार्य महोदय बोलले आणि सहज सांगून गेले की सांभाळणाऱ्या आयांना मॅडम एक सल्ला हमखास द्यायच्या. "पाहुण्यावर कुणी रागवत नाही. मूल आपलं वाटायला हवं असेल तर त्याच्यावर रागवा." सभागृहात टाळ्या पडल्या. मी मात्र माझा कागद घडी करून ठेवून दिला. कारण माझ्याजवळ आई असल्याचा पुरावा म्हणून आयुष्यभर एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे एक रागावणं. ते जर सांगून करवलेलं असेल, तर मग माझ्याकडे उरलं काय?

तिसरं घर हे आईचं. तेव्हा ती 'काकू' होती आणि बाबा 'काका'. काकू इतक्या गोड बोलायच्या की मला धडकी भरायची. मी कप फोडला तर म्हणायच्या, "असू दे हं, काही होत नाही." मी शाळेतून उशिरा आले तर, "दमलीस का बाळा?" काकांशी मात्र त्यांची दिवसभर खडाजंगी. ओला टॉवेल पलंगावर का, दिवा चालू का, चष्मा कुठे. मी कोपऱ्यात बसून विचार करायची, ज्याला ठेवायचं आहे त्याच्यावर ही ओरडते. माझ्याशी गोड बोलते, म्हणजे माझं काही खरं नाही.

अशात पाणीवाल्या बाई आल्या. "जरा पाणी देतेस का गं?" मी म्हटलं, "नळाला पाणी नाही." स्वयंपाकघरात काकू भांडी घासत होत्या, नळाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मॅडमनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. दोघींची कुजबुज सुरू झाली. मी दाराला कान लावला. मला एकच शब्द कळला, 'पाहुणी'. पाहुणी म्हणजे जाणारी, एवढं मराठी मला येत होतं. मी माझे कपडे पिशवीत भरून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी बरणीचं प्रकरण झालं. मला चोरून साखर खायची सवय होती. घाईघाईत मी झाकण नुसतं वर ठेवलं, फिरवून लावलं नाही. काकूंनी बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण हातात आलं आणि बरणी जमिनीवर. काच, साखर, सगळीकडे चरचर. मी दारात उभी. आता "असू दे हं" येणार म्हणून मी वाट बघत होते, आणि काकू कडाडल्या, "झाकण नीट लावायला हात झडतात का तुझे? अगदी बापावर गेलीये ही कार्टी!"

मंडळी, मी रडले नाही. मी संशयात पडले. बापावर? माझ्या बापाविषयी मला कुणी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. आणि ह्या बाईला तो झाकण कसं लावतो तेसुद्धा ठाऊक! म्हणजे ही त्याला ओळखते. म्हणजे तो इथेच जवळपास आहे. मी पाळत ठेवायला सुरुवात केली. काकू कुणाशी बोलतात, दूधवाला जरा जास्त वेळ का थांबतो, वरच्या मजल्यावरचे मिशीवाले गृहस्थ माझ्याकडे बघून का हसतात. त्या बिचाऱ्या मिशीवाल्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा मी जाऊन तपासून आले. चांगलं घट्ट होतं.

मग एका सकाळी चहा पिताना काकांनी नव्या बरणीतून साखर घेतली आणि झाकण नुसतं वर ठेवून दिलं. काकूंनी कपाळावर हात मारला. "तुम्ही एक लावत नाही, आणि ती तुमच्यावरच गेलीये." काका माझ्याकडे बघून ओशाळं हसले. माझी पहिली केस तिथे सुटली. मी आत गेले आणि पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेवले. त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणायला लागले, आणि आईला आई.

आता बघा कसं जुळतं ते. आदल्या दिवशी मॅडम येतात, दार लोटतात, 'पाहुणी' म्हणतात. दुसऱ्या दिवशी आई रागावते. दाव्याच्या फाइलमध्ये मी असं काही बघितलं असतं, तर तो दावा कधीच मंजूर केला नसता. मॅडम, मी सगळ्यांसमोर विचारते, क्षमा करा. त्या दिवशी आईला तुम्ही सांगितलं होतंत का?

मॅडम मान डोलावतायत. होय म्हणतायत.

मी जरा पाणी पिते. कुणाला न विचारता घेतलं आहे, मॅडम, तेवढं टिपून ठेवा.

काय म्हणालात? माईक द्या हो कुणीतरी त्यांना. नको म्हणतायत. बरं, मीच सांगते. मॅडम म्हणतायत, "रागवा असं मी सांगितलं होतं. पण आवाज न चढवता. आणि एक गोष्ट तिच्याकडून तीनदा वदवून घेतली होती, की काही झालं तरी मुलाच्या आईबापाचा उल्लेख करायचा नाही."

आई, तू तीनदा हो म्हणाली होतीस?

आई पर्समध्ये काहीतरी शोधते आहे. तिला काही सापडणार नाही, मला माहीत आहे. म्हणजे तू सगळं विसरलीस. साखर सांडली आणि तुझ्या तोंडून ते निघून गेलं. जे कुणीही शिकवलं नव्हतं, उलट जे बोलू नकोस म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच. मॅडम, तुमचा सल्ला आमच्या घरात सपशेल फसला. तुमच्या साऱ्या कारकिर्दीतलं तुमचं सगळ्यात मोठं अपयश माझ्या वाट्याला आलं. मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आयोजकांचे आभार, अध्यक्ष महाराजांचे आभार, प्राचार्य महोदयांचे तर विशेष आभार, त्यांनी आज मला घाम फोडला. मॅडम, आता निवांत घरी बसा आणि स्वतःच्या हाताने पाणी घ्या. तुमच्यासारखं दारात येऊन आम्हाला कुणी बघत राहिलं नसतं, तर... नाही, हे मला नीट बोलता येणार नाही.

आई हातवारे करते आहे. एक मिनिट. काय? मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल, तरी सांगते. ती म्हणते आहे, "पुरे झालं आता, खाली उतर! माईक हातात आला की हिला भान राहत नाही, अगदी बापावर..."

बाबा, जागे व्हा. आपल्या दोघांना बोलणी बसतायत.

बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. आणि तेही जमत नसेल, तर पहिल्या रांगेत माझी आई बसली आहे, तिच्याकडे तक्रार करा. ती मला रागवेल.