जॅक मी सोडला

वय एकेचाळीस. धंदा, बेकरीचा माल स्वतःच्या व्हॅनमधून दुकानोदुकानी पोचवणे. राहणार बेकरीच्या मागच्या गल्लीत, निळ्या पत्र्याच्या शेडला लागून. नाव अंमलदारांनी वेगळे लिहून घेतले आहे, पण गल्लीत नावाने विचाराल तर कोणी घर दाखवणार नाही. व्हॅनवाली म्हणून विचारावे.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी धरून आणलेले नाही. थोरल्या नणंदबाईंनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली असे कळल्यावर मी दवाखान्यातून स्वतः चालत ठाण्यावर आले. तक्रारीत असे आहे म्हणे की, मी नवऱ्याला जिवे मारण्याच्या इराद्याने त्यांच्या अंगावर गाडी सोडली. नणंदबाई त्या वेळी स्वतःच्या घरी होत्या. मधे तीन चौक आणि एक पूल आहे. इतक्या लांबचे दिसते, तर बाई चष्मा कशाला लावतात? अंमलदार म्हणाले, हे जबाबात बसत नाही. मी म्हटले, बसवा.

हकीकत अशी की, काही दिवसांपासून व्हॅनने वेग घेतला की मागून कण्हल्यासारखा आवाज येत होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल म्हणतात तो, त्यातले तेल बदलायला झाले होते. गोळ्याला दोन प्लग असतात. वरच्यातून तेल भरतात, खालच्यातून काढतात. मी म्हटले, गाडी गॅरेजात टाकते. माझे यजमान लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करणारा माणूस एका प्लगसाठी गॅरेजात पैसे देईल का, असे त्यांचे म्हणणे. "पाच मिनिटांचं काम आहे गं, तू चहा टाक," हे त्यांचे शब्द आहेत. चहा झाला, पिऊन झाला, भांडी विसळून झाली, दुपारचे जेवण उरकले. प्लग तिथेच.

वरचा प्लग निघाला होता. आधी वरचा काढा, हे मीच बजावले होते. खालून सगळे तेल सांडून बसलो आणि वरचा निघालाच नाही, तर नवे भरणार कुठून? खालचा मात्र हटून बसला. मागच्या वेळी ज्या कारागिराने तो आवळला, त्याने जन्माचे वैर काढल्यासारखा आवळला, आणि कडा खाऊन गोल करून ठेवल्या. तो सापडला तर त्याचाही जबाब घ्या. यजमानांनी गंजाचा स्प्रे मारला, भोवतालचे लोखंड ठोकून पाहिले, मग एक नंबर लहान पाना हातोडीने ठोकून बसवला. पाना फिरला नाही, त्यांचे डोके फिरले.

आमचे भांडण झाले हे खरे आहे. समोरचे घड्याळवाले सांगतात की मी "आज मी तुम्हाला सोडत नाही" असे ओरडले. ओरडले मी. अख्खे वाक्य असे होते, "उद्या पहाटे मला माल भरायचाय, गाडी चाकांवर उभी केल्याशिवाय आज मी तुम्हाला सोडत नाही." घड्याळवाल्यांना अर्धे पार्ट टेबलावर काढून ठेवायची सवय आहे. वाक्याचेही त्यांनी तेच केले.

पाना फिरवायला जागा हवी म्हणून मागची दोन्ही चाके काढलेली होती आणि गाडी जॅकवर होती. नुसत्या जॅकवर माझा विश्वास नाही. ती दोन चाके आणि वर स्टेपनी, अशी चवड रचून मी गाडीच्या चासीखाली सरकवली. यजमान हसले. "काय गं, टायरचं दुकान टाकतेस का?" मी म्हटले, "हसा खुशाल. हे असल्याशिवाय खाली शिरायचं नाही." नवऱ्याला चिरडायला निघालेली बाई आधी गाडीला टेकू लावते का, एवढे नणंदबाईंना विचारावे आणि त्या काय सांगतात ते मला कळवावे.

शेवटी पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला. पाइपचे टोक मागच्या बंपरबाहेर आले. ते मी ओढायचे आणि यजमानांनी खाली पडून पाना प्लगवर दाबून धरायचा, असे ठरले. जॅकचा दांडा माझ्या डाव्या हाताशी होता. पुढचे ठरले ते असे की, प्लग सुटला की ते बाजूने बाहेर सरकणार, मग मला "सोड" म्हणणार. मग मी जॅक थोडा सोडायचा, म्हणजे गाडीचा मागचा भाग खाली येईल आणि तेल तळापर्यंत गळेल. हे त्यांनी मला दोनदा समजावले. मला कळत नाही असे त्यांना वाटते.

मी बंपरला पाय लावून ओढले. कट्ट असा आवाज झाला आणि पाइप एकदम फिरला. ते "सुटला!" म्हणाले आणि लगेच ओरडले, "सोड, सोड!" मी डाव्या हाताने जॅक सोडला.

ते पाइपबद्दल बोलत होते. त्यांची बोटे पाना आणि गोळा यांच्या मधे सापडली होती, आणि मी पाइप ओढूनच धरला होता. त्यांचे पाय दुसऱ्या बाजूला होते, मला दिसत नव्हते. वाकून बघायला हवे होते. बघितले नाही. एकच शब्द, पाइपलाही तोच आणि जॅकलाही तोच. शब्द त्यांचा होता, हात माझा होता. अंमलदारांनी इथे "गैरसमजातून" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.

गाडी वीतभर खाली आली आणि चाकांच्या चवडीवर बसली. तेवढ्याने त्यांच्या खांद्याचे हाड मोडले आणि पाइप उसळून तोंडावर लागला. काळे तेल त्यांच्या गळ्यावरून वाहत होते. मला ते रक्त वाटले. मी जॅक परत चढवला, पलीकडे धावले आणि पाय धरून त्यांना बाहेर ओढले. ते शुद्धीवर होते. फुटलेल्या ओठांनी त्यांनी मला विचारले, "प्लग निघाला का?" त्यावर मी त्यांना काय म्हणाले, ते मी सांगणार नाही.

घड्याळवाल्यांनी रिक्षा आणली, हे मात्र लिहावे. आणली त्यांनी. डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताचे एक बोट राहील, दुसऱ्याचे आता सांगता येत नाही. लिफ्टवाल्याचा उजवा हात आहे तो. मला सगळ्यांचा राग आला आहे. त्या कारागिराचा, नणंदबाईंचा, यजमानांचा, आणि माझा स्वतःचा सर्वांत जास्त. अंमलदारांनी विचारले, पाणी हवे का. नको म्हटले.

इथे अंमलदारांनी लेखणी खाली ठेवली आणि मला सांगितले की, यजमानांचा जबाब दवाखान्यात आधीच घेतला आहे. त्यात त्यांनी असे सांगितले आहे की, बायको त्या वेळी तिथे नव्हती, बेकरीत गेली होती. मी एकटाच काम करत होतो आणि जॅक आपोआप घसरला. ओठाला टाके असल्याने शब्द नीट येत नव्हते, तरी "बायको नव्हती" हे त्यांनी तीन वेळा सांगितले. अंमलदार मला म्हणाले, "बाई, तुम्हीही तेच सांगा. मी हे फाडतो. ताईंची तक्रार टिकणार नाही, तुम्ही घरी जा."

हे ऐकून मी अंमलदारांवर ओरडले. शेजारच्या खोलीतले लोक उठून आले, त्याबद्दल माफी मागते. पण अहो, या माणसाला साधे खोटे बोलता येत नाही. दुकानदाराने सुटे पैसे जास्त दिले तर अर्ध्या वाटेतून परत जातो. आणि खांदा मोडून पडलेला असताना हे सुचले त्याला. माझ्यासाठी. मला न विचारता. दोनदा समजावून सांगणारा माणूस, हे तेवढे सांगितले नाही.

तरी मी लिहून देते की, माझ्या यजमानांचा जबाब खोटा आहे. त्यांना त्याबद्दल काही करू नये, त्यांच्या अंगात ताप आहे. मी बेकरीत नव्हते. चाके मी रचली, पाइप मी ओढला, जॅक मी सोडला आणि बाहेर त्यांना मी काढले. माझ्यावर जो गुन्हा लावायचा तो लावा, मी त्याचे बघून घेईन. पण ते गाडीखाली एकटे पडले होते असे कुठल्याही कागदावर राहू देऊ नका. ते एकटे नव्हते. मी तिथे होते.

अंमलदारांनी हा जबाब मला अडखळत का होईना, पण अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. "आपोआप" हा शब्द माझ्या तोंडी कुठेही घातलेला नाही, हे मी पाने उलटून स्वतः पाहिले आणि मगच खाली सही केली.