भजन संपेपर्यंत

हॅलो? … हाव, जिनिंगचं हपीस. … कोण, मामाजी? नमस्कार जी. मी रमाकांतच बोलून राह्यलो, तुमचा भाचा. … नाही जी, तुमच्यावर ओरडून नाही राह्यलो, मागं कापसाची सरकी काढायचे रेचे सुरू आहेत.

आईचा निरोप पोचला ना? … हाव. बाबायचा आवाज गेला. … बसला नाही मामाजी, गेला. सकाळपासून हातवारे करून राह्यले. चहा पाहिजे म्हणून हात केला तर आईनं छत्री आणून दिली.

… थंडीनं? नाही, थंडीनं नाही. तुमच्या ठरावानं.

… ऐका ना. … ऐका तर. म्युनिसिपल कमिटीचे मेंबर तुम्ही, ठराव तुमचा. उकंडरावाचं दारूचं दुकान आठाले बंद होत होतं, त्याले अकरापर्यंत पाहिजे होतं. आमची गल्ली म्हणे, राहत्या घरायमधी हे चालणार नाही. मग तुम्ही उठले अन् मधला रस्ता काढला. समोरच्या मारुतीत भजन संपेपर्यंत दुकान उघडं. … हाव हाव, 'देवापेक्षा उशिरा कोणी जागू नये.' आठवते. टाळ्या पडल्या होत्या. … वाक्य सुंदरच आहे. आम्ही त्याच्यातच राहून राह्यलो.

… तेव्हा नवाले संपत होतं, खरं आहे. तेव्हा बाबायच्या भजनाले पाच जण होते, मारुती धरून. आता साठ आहेत. … मस्करी नाही जी. अर्धे गातात, अर्धे समोर पितात, मग पाळी बदलते. बाबायनं आरतीच्या ताटाले हात लावला की कोणीतरी पायावर पडते, बुवा, अजून एक म्हणा. मग अजून एक. दोन वाजतात. … रात्रीचे, मामाजी. टाळ थांबला की दुकान बंद, एवढा कायदा आता त्यायच्यातल्या सगळ्यात झिंगलेल्यालेही पाठ आहे. परवा एक जण मारुतीची गदा धरून रडला, भाऊ समजून. वाटणीचं बोलत होता.

… शेजारच्या अन्नपूर्णाबाईले विचारा. त्यायच्या ओट्यापुढं रोज सकाळी कोणीतरी आडवा असते. आधी उठवत होत्या. आता त्याच्याभोवतीच रांगोळी काढतात.

… पोलिसात सांगितलं ना. जमादार आले, कान देऊन ऐकलं, म्हणाले टाळ वाजून राह्यला, म्हणजे कायदेशीर आहे. … मग काय, बसले. मृदंग बरा वाजवतात.

… डॉक्टर म्हणाले, आठ दिवस तोंड उघडायचं नाही. उघडलं तर आवाज परत येणार नाही. छातीतून जे वाजून राह्यलं, तेही त्यायले आवडलं नाही. … बाबा? बाबा म्हणतात आज गाणार. म्हणजे हातानं म्हणतात.

… काऊन म्हणजे? मामाजी, त्यायनं सारी जिंदगी रिकाम्या सतरंजीपुढं गायलं. आता लोक रोहिणखेडहून बैलगाडी जोडून येतात. बाबायले वाटते, लोक दुकान सोडून आपल्याकडं येऊन राह्यले. आपण त्यायले सुधरवून राह्यलो. … वास? तपकिरीनं नाक केव्हाच गेलं. उकंडरावानं वाजवायची पेटी दिली, गॅसबत्ती दिली, तर म्हणतात पाहा, ठेकेदाराच्याही मनात देव आला.

म्हणून म्हणतो, उद्याच्या मिटिंगमधी ते कलम काढा. घड्याळाची वेळ टाका. … काऊन नाही? … उलट? … हाच नियम सगळ्या पेठायले? … हाव… 'नमुनेदार व्यवस्था'. बरं. … अन् तुमच्या कोर्टाकडं? … हो, तिकडं दुकान नाही. तिकडं क्लब आहे. देऊळही नाही, त्यामुळं भजन संपायचा प्रश्न येत नाही. चांगली वस्ती आहे.

… मी? मी सांगू बाबायले, की ते साठ जण तुमच्यासाठी येत नाहीत? … नाही जी. … मुलगा आहे म्हणूनच नाही सांगत. तुम्ही वकील आहात, लोकायले फाशीची शिक्षा झाल्याचं सांगता, हे तुमाले जड नाही. … ऐका, ऐका, थांबा. बाबाच आले. … इकडं हपिसात. प्रसादाचा गूळ आणायले निघाले होते, हातात पुडकं आहे. … हाव, समोर उभे आहेत. मी रिसीव्हर त्यायच्या कानाले लावतो. तुमाले उत्तर येणार नाही, हे ध्यानात ठेवा. साफ सांगा, एकदाच. आज गायले तर संपलं.

बाबा, मामाजी आहेत. ऐका.

…

बाबा, मान काऊन हलवून राह्यले? फोनमधून मान दिसत नाही. … काय म्हणून राह्यले ते? … बाबा? … बसा इथं, खुर्चीवर. डोळ्यात पाणी काऊन आलं? … हसून राह्यले? … द्या, द्या इकडं.

हॅलो. मामाजी, तुम्ही काय सांगितलं त्यायले? … कीर्ती? … डिप्टी कमिशनर साहेबाच्या कानावर गेली. हाव. … अन् बाकीच्या पेठायतली भजनं बाबायनं उभी करून द्यायची. … सत्कार. … आजच. भजनातच. … ऐकू येऊन राह्यलं, मामाजी, रेचे थांबले आता.

… ते गेले. गुळाचं पुडकं टेबलावरच राह्यलं. ओठ हलवत गेले, चाल धरून.

… शाल आणून राह्यले? बरं. … रंग कोणताही चालते. जाड आणा. दोन वाजेपर्यंत देवळात लय गार असते, अन् त्यायचा खोकला… हाव. ठेवतो.