अर्ध्या दाढीचा व्हेटो

—हलू नका, टॅकेटसाहेब, वस्तरा गळ्याशी आहे. घंटा वाजली ती मी पण ऐकली, मतदानाला पंधरा मिनिटं असतात, माहितीये — तीस वर्षं संसदेच्या याच तळघरात खासदारांच्या दाढ्या करतोय. आणि खासदार ऐन मतदानाला दाढीला का येतो, तेही माहितीये. लपायला. राष्ट्रपतींचा फोन आला ना सकाळी? आलाच असणार, तुमच्याच पक्षाचे ते — पहिल्यांदा निवडून आलेल्याशी फार गोड बोलतात. खाणकामगारांच्या औषधपाण्याचं बिल दोन्ही सभागृहांनी पास केलं, तर राष्ट्रपतींनी व्हेटो मारला, नकार लिहून परत धाडलं. काल सिनेटनं दोन-तृतीयांश मतांनी तो उलटवला, आज तुमची पाळी. तुमच्याकडेही तेवढीच लागतात — सगळ्यांची नाही हो, जे मत देतील त्यांच्यातली. म्हणजे एका 'नाही'ला दोन 'हो'. हे गणित मला पाठ आहे. पलीकडच्या खुर्चीत गरम टॉवेलाखाली घोरतायत ना, ते क्राउचसाहेब, पक्के 'नाही'वाले. घंटेनं जागे कसे झाले नाहीत? त्यांचं कानातलं यंत्र माझ्या खिशात आहे — हे मी बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही.

सांगणार नव्हतो, पण माझा भाऊ एस्टिल तुमच्याच मतदारसंघातला. छातीत कोळशाची धूळ, दहा पावलं चालला की बसतो. निवडणुकीत तुमच्या पाट्या त्यानंच लावल्या, केंटकीच्या त्या चढावर, नाकात ऑक्सिजनची नळी घालून — फोटो बघून रडलो मी, आता काय लपवायचं.

नाही, तो गाल राहू दे. उरलेली दाढी मी करत नाही, हा माझा व्हेटो. राष्ट्रपतींना कारण लिहून द्यावं लागतं, मी तोंडी देतो — लपायला आलेल्या माणसाची दाढी मी पुरी करत नाही. टीव्हीवर दिसेल? दिसू दे की, एस्टिल बघतोय. सात मिनिटं उरलीत. आणि बटण हिरवं — मागं एक नवे खासदार व्हेटोला विरोध करायचा म्हणून लाल दाबून आले, मग इथं बसून डोकं धरलं. मत बिलावर असतं, व्हेटोवर नाही. बिल हवं तर हिरवं.

त्यांचा नकार उलटवायला दोन-तृतीयांश लागतात. माझा उलटवायला तुमचं एकट्याचं मत पुरे. फेस पुसा. उठा.