सवाल टाकनारं कोनी नाई

मी उंद्रीची, कुनब्याच्या घरची, नाव सुगंधा, पन त्या नावानं मले कोनी वळखत नाई, कलगीवाली म्हना मंग कोनीबी घर दाखवते, तुमालेबी तसंच दाखवलं असन. माया बाप कलगीचा शाहीर होता. आता कलगी-तुरा तुमाले कसा सांगू भाऊ, दोन फड समोरासमोर उभे राह्यतात, हातात डफ, कलगीवाले म्हनतात शक्ती मोठी, तुरेवाले म्हनतात शिव मोठा, अन् मंग गान्यातूनच सवाल टाकाचा अन् गान्यातूनच जबाब द्याचा, तथीच्या तथी जुळवून, दम घ्याले फुरसत नाई. ज्याले जबाब सुचला नाई त्यानं आपल्या डफाचं निशान, कलगी नाईतर तुरा, उतरवून समोरच्याच्या हाती द्याचं. बाप ओसरीवर म्हने अन् मी चुलीपाशी भाकरी थापता थापता आयको. पोरीच्या जातीनं डफाले हात लावाचा नाई असं होतं, तर मी परातीवर ठेका धरो. माय म्हने, सुगंधे, परात वाजवू नको, घरात भांडनं लागतात. भांडनाचीच तर विद्या होती ते, पन मायले कोन सांगन.

लग्न करून देलं संग्रामपुराकडे, पार सातपुड्याच्या पायथ्याले. नवरा वाईट नोता, मी कोनाले वाईट म्हनत नाई, कमी बोले. सारं घरच कमी बोले. जेवाले वाढा, वावरात जा, वावरातून या. माया डोक्यात निरा शब्दावर शब्द, अन् घरात बोलाले मानूस नाई. गोठ्यात जाऊन मी गाईशी बोलो, गाय कान हालवे, तेवढंच.

एका वर्षी तथच्या जत्रेत माया बापाचा फड आला. समोर तुऱ्याचा किसन शाहीर, मेहकराकडचा, जवान गडी, आवाज असा का झाडावरचे कावळे उठून जात. दुपारची येळ, सारं गाव जमलं, बायाईची बाजू वेगळी, मीबी पदर घेऊन सासूजवळ बसली. किसननं सवाल टाकला का बीज आधी का भुई आधी, बीज आधी, म्हनून पुरुष मोठा. बापानं डफ उचलला अन् त्याले खोकला लागला. काय सांगू तुमाले, थांबेच ना. जबाब त्याच्या तोंडाशी होता, मले दिसून राह्यला होता, पन दम नोता. लोकं हासाले लागले. किसननं निशानासाठी हात पुढे केला. अन् मी कवा उभी राह्यली मले समजलं नाई.

बीज आधी पडलं म्हनता, पडलं सांगा कायवर,
भुई नोती तवा शाहीर, उभे होते तुमी कायवर?

बापानं पाह्यलं, खोकतच डफावर थाप मारली, मायासाठी ठेका धरला. मंग मी म्हनतच राह्यली, पदर खांद्यावर आला तरी म्हनत राह्यली. किसन शाहिरानं आपल्या डफाचा तुरा उतरवला अन् बापाच्या हाती देला.

घरी गेली तर सासरा दारात. म्हने, चार लोकाईत जिनं तोंड उघडलं तिनं माया घरात पाय ठेवू नये. सासू रडली. नवरा खाली पाहत राह्यला. मी त्याच्याकडे लै येळ पाह्यलं, का हा एक तरी शब्द बोलन, माया बाजूनं नाई तर नाई, मले शिवी तर देईन. नाई बोलला. बापासंग यष्टीत बसली. खामगाव आलं तवा बापानं मायाकडे पाह्यलं. मंग म्हने, बाई, माया डफापायी तुयं घर गेलं, आता डफच घे.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तवा, अन् जत्रेजत्रेतून मायं बोलावनं यायचं, बाई शाहिरी करते म्हनून पाच कोसावरून लोकं बैलगाड्या जुपून येत. बापाचा दम गेला, मंग बापच गेला, फड माया नावानं चालला. पन खेळ सरला का गडी आपापल्या सोयऱ्याकडे जेवाले जात, मले कोनी घरात बोलवे ना. ज्या बाया पदर तोंडाले लावून हासल्या त्याच दुसऱ्या दिवशी नदीवर गेली तर कपडे घेऊन सरकून बसत. मी देवळाच्या पायरीवर भाकर खाओ.

किसन शाहीर तेवढा होता. दरसाल कोठं ना कोठं समोर यायचाच. गान्याबाहेर तो मायासंग एक शब्द बोलला नाई, मीबी नाई, तसा कायदाच होता आमचा. पन गान्यात त्यानं मले जेवढं इचारलं तेवढं जन्मात कोनी इचारलं नाई. एकदा मेहकरात, जबाबावर जबाब होऊन राह्यले होते, गर्दी पेटली होती, अन् त्यानं टाकला,

साऱ्या जगाले जबाब देते, याचा जबाब दे वो बाई,
खेळ सरल्यावर घरी तुयी वाट पाहते कोन बाई?

डफ माया हातात तसाच राह्यला. लोकं टाया पिटून राह्यले. म्या कलगी सोडली अन् त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली नाई. खाली वाकून मायाच डफाले परत बांधली, अन् लोकाईकडे पाहून म्हने, सवाल शास्त्राचा पाहिजे, घरचा नाई, हा मायाच चुकला, मी हारलो. तवा टाया वाजल्या नाईत.

मंग दिवस बदलले. जत्रेत तंबूतला शिनेमा आला, लाऊडस्पीकर आला. सरकारी जीप एक दिवस दारात आली, साहेब म्हने बाई, कुटुंबनियोजनावर गानं जोडा, लेकरं कमी असावे असं गावोगाव सांगा. म्या जोडलं, चांगलं जोडलं. एका गावात एका बाईनं इचारलं, तुले किती वो लेकरं? सगळ्या हासल्या, मीबी हासली.

किसन गेल्याचं मले यष्टीतल्या कंडक्टरनं सांगतलं, सहज, तिकीट फाडता फाडता. मी मेहकराकडे त्याच्या घरी गेली. बायको दारात आली, इचारलं, तुमी कोन त्याईच्या? भाऊ, साऱ्या जन्मात जबाबाले एकदाच अडली होती, तथी पुन्हा अडली. बहीन नाई, सोयरी नाई, कोन सांगू. तिनंच वळखलं. म्हने, कलगीवाली का? मोट हाकता हाकता तुमालेच सवाल जोडत ते, मायासंग बोलत नोते एवढं. तिनं चहा मांडला. दोघी बसलो. तिच्याजवळ राग नोता.

आता हे असं आहे. भाचा दाने आनून टाकते, मी एकटी निवडत बसते. कवा कवा स्वतालेच सवाल टाकते, पन जबाब आधीच ठाऊक असला का मजा नाई येत, पत्ते आपनच वाटून आपनच खेळाव तसं. गावच्या पोरी शाळेत जातात, दारावरून लवकर लवकर निंगून जातात, त्याईच्या मायाईनं सांगतलं असन. जाऊ द्या. कोनावर राग नाई.

तुमी आले, बसले, एवढा येळ आयकलं, मधातच काऊन, कसं, मंग काय झालं असं इचारत राह्यले, लै बरं वाटलं. तुमाले काय आशीर्वाद देऊ, धनधान्य सारेच मांगतात. तुमच्या घरात तुमाले उलटून बोलनारं एक तरी मानूस राहो.